सुवर्णपदकाचा सोपान

गेल्या महिन्याच्या टपालांत एका वयोवृद्ध वाचक-भगिनीचें पत्र आलें. त्यांचे चिरंजीव कुटुंबासह बऱ्याच वर्षांपासून अमेरिकेंत स्थायिक झाले असून नात तेथील शाळेंत अकराव्या इयत्तेंत शिकते. ही मुलगी लहानपणापासून ‘गर्ल स्काउट’ नांवाच्या संस्थेंत जाते आणि सध्यां तेथील सर्वोच्च मानाच्या, म्हणजे ‘गोल्ड अवॉर्ड’च्या, तयारींत आहे. गांवांतील परदेशांतून आलेल्या वृद्ध मंडळींना औषधांच्या वेष्टनांवरील बारीक इंग्रजी मजकूर वाचतां येत नाहीं, हें तिनें हेरलें. आणि त्यांच्यासाठीं चित्रांच्या साह्यानें औषधांचीं वेळापत्रकें करून देण्याचें काम तिनें अंगावर घेतलें. त्यापायीं तिचे शनिवार-रविवार जातात, अभ्यासाचे तास घटतात, आणि एवढें करून हातीं काय पडणार, तर छातीवर लावण्याचें एक लहानसें पदक! आजीबाई विचारतात, “गुरुजी, मुलीला असल्या पदकाचा खरोखर कांहीं उपयोग आहे, कीं ही नुसती हौस? सुनबाईंस मीं काय लिहावें?”

प्रश्न एका घरचा दिसला तरी तो एकाच घरचा नाहीं. आपल्या येथेंहि मुलीचें नांव गाईडच्या पथकांत घालतांना ‘यास गुण किती मिळतात?’ असें आधीं विचारलें जातें, आणि दहावीचें वर्ष उजाडतांच पहिल्यानें तेंच नांव काढलें जातें. तेव्हां हें पदक कशाबद्दल देतात, आणि तें मिळवितांना मुलीच्या ठायीं काय घडतें, याचा थोडा सविस्तर विचार या वेळीं करूं.

स्काउटांची चळवळ मूळ मुलग्यांची. बेडन-पॉवेल या इंग्रज सेनापतीनें १९०७ सालीं ब्राउनसी बेटावर मुलांची पहिली छावणी भरविली आणि पुढच्याच वर्षीं त्याविषयींचें आपलें पुस्तक प्रसिद्ध केलें. १९०९ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें स्काउटांचा मोठा मेळावा भरला, तेव्हां त्यांत कांहीं मुली स्वतःच जमेल तसा गणवेश करून येऊन उभ्या राहिल्या. त्यांस कोणीं बोलाविलें नव्हतें. आम्हीहि स्काउटच आहों, एवढेंच त्यांचें म्हणणें. त्या धिटाईचा परिणाम असा झाला कीं, १९१० सालीं बेडन-पॉवेल यांनीं आपली बहीण ॲग्नेस हिच्या साह्यानें मुलींसाठीं ‘गर्ल गाईड’ ही निराळी संस्था काढली. मुलींचें हें कार्य कोणाच्या दानांतून नव्हे, तर मुलींच्या मागणींतून जन्मलें, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनांत ध्यानांत ठेवावी.

अमेरिकेंत हें रोप लावणाऱ्या बाईंचें चरित्र तर आपल्या घरांतून मुद्दाम सांगण्यासारखें आहे. त्यांचें नांव जूलिएट गॉर्डन लो. जन्म १८६० सालचा. लग्नांत वधूवरांवर तांदूळ उधळण्याची चाल त्यांच्यांतहि आहे. १८८६ सालीं त्यांच्या लग्नांत अशाच एका अक्षतेचा दाणा कानांत गेला, तो काढतांना कानास इजा झाली, आणि तो कान कायमचा अधू झाला. दुसऱ्या कानानें तर त्यांस आधींपासूनच फारसें ऐकूं येत नसे. संसार सुखाचा झाला नाहीं, मूलबाळ झालें नाहीं, १९०५ सालीं पति वारले. अशी बाई आपल्याकडे असती तर तिला देवघराचा कोपरा दाखविण्यांत आला असता. परंतु १९११ सालीं इंग्लंडांत त्यांची बेडन-पॉवेल यांच्याशीं गांठ पडली, आणि १२ मार्च १९१२ रोजीं जॉर्जिया संस्थानांतील सॅव्हाना या आपल्या जन्मगांवीं त्यांनीं १८ मुली जमवून पहिली सभा भरविली. त्या वेळीं त्यांचें वय ५१ वर्षांचें होतें. संस्थेस पैसा कमी पडूं लागला, तेव्हां १९१४ सालीं त्यांनीं आपला मोत्यांचा सर विकून टाकला. स्त्रीधनाचा याहून चांगला विनियोग माझ्या तरी वाचनांत थोडाच आला आहे. १९२७ सालीं त्या वारल्या. मरणोत्तर, २०१२ सालीं, त्यांच्या देशानें त्यांस राष्ट्राध्यक्षांचें ‘स्वातंत्र्यपदक’ अर्पण केलें.

या संस्थेंत आरंभापासून बिल्ल्यांची पद्धत होती. मुलीनें एखादी विद्या वा कला शिकावी, ती परीक्षकापुढें करून दाखवावी, आणि तिचा बिल्ला बाहीवर शिवावा. त्या काळच्या बिल्ल्यांत स्वयंपाक, रुग्णशुश्रूषा, प्रथमोपचार हे विषय होते, यांत नवल नाहीं. नवल हें कीं, १९१३ सालच्या यादींत विजेच्या कामाचा आणि विमानविद्येचाहि बिल्ला होता. अमेरिकेंतील सर्व स्त्रियांस राष्ट्रीय घटनेनें मताचा अधिकार मिळाला तो १९२० सालीं. म्हणजे ज्या मुलींच्या आयांस मत देतां येत नव्हतें, त्या मुली विजेच्या तारा जोडावयास शिकत होत्या.

या बिल्ल्यांच्या शिखरावर एखादा कळस असावा, या हेतूनें १९१६ सालापासून सर्वोच्च मानाची प्रथा पडली. त्या मानाचें नांव काळागणिक बदलत गेलें. प्रथम त्यास सुवर्णगरुडाचें नांव होतें, पुढें ‘गोल्डन ईगलेट’, म्हणजे गरुडाचें सोनेरी पिल्लूं, असें झालें. १९४० सालीं ‘कर्व्हड् बार’ आला, १९६३ सालीं ‘फर्स्ट क्लास’, आणि १९८० सालापासून ‘गोल्ड अवॉर्ड’ हें आजचें नांव रूढ झालें. नांवें बदलण्यांत कांहीं विशेष नाहीं. विशेष आहे तो आंतील वस्तु बदलण्यांत. पूर्वीं मुख्यतः बिल्ले मोजीत. इतके बिल्ले झाले कीं कळस चढला. आतां मुलीनें स्वतः शोधून, स्वतः आंखून आणि स्वतः तडीस नेलेलें एक लोकोपयोगी कार्य मोजतात. शिकलेल्या गोष्टींच्या यादीपेक्षां त्या शिक्षणाचें लोकांस काय फळ मिळालें, तें आतां पाहिलें जातें.

हें पद गांठण्याच्या तीन पायऱ्या आहेत, आणि त्यांची रचना मला एका जुन्या शिक्षकाच्या दृष्टीनें फार समंजस वाटते. चौथ्या-पांचव्या इयत्तेंतील मुलींसाठीं ब्राँझचें पदक. तें सगळ्या चमूनें मिळून करावयाचें, आणि प्रत्येकीच्या वांट्यास सुमारे २० तास काम येईल, अशी अपेक्षा. सहावी ते आठवीच्या मुलींसाठीं रुप्याचें. तें दोघी-चौघींच्या लहान गटानें किंवा एकटीनें करावयाचें, सुमारे ५० तासांचें. नववी ते बारावीच्या मुलींसाठीं सोन्याचें. तें मात्र जिचें तिनें एकटीनें पत्करावयाचें, आणि त्यास निदान ८० तास धरलेले असतात. प्रथम सर्वांच्या हातांत हात, मग मोजक्या मैत्रिणी, आणि शेवटीं स्वतःच्या पायांवर. पोहावयास शिकवितांना भोपळ्यांची संख्या एकेक करून कमी करीत नेतात, त्यांतलाच हा प्रकार. एकदम खोल पाण्यांत ढकलणेंहि नाहीं, आणि जन्मभर भोपळा बांधून ठेवणेंहि नाहीं.

सुवर्णपदकाच्या कार्याचे सात टप्पे सांगितले आहेत. मुलीनें प्रथम आपल्या भोंवतालची एखादी अडचण निवडावयाची. मग तिचें मूळ शोधावयाचें. नंतर साह्य करणारी मंडळी जमवावयाची. योजना कागदावर मांडावयाची. ती जाणत्यांपुढें ठेवून त्यांचें मत ऐकावयाचें. प्रत्यक्ष काम तडीस न्यावयाचें. आणि शेवटीं आपण काय केलें तें इतरांस समजावून सांगावयाचें, म्हणजे त्यांसहि तसें करण्याची उमेद यावी. तिला एक सल्लागार असतो, पण तो त्या विषयाचा जाणकार, घरचा आई-बाप नव्हे. नुसत्या वर्गण्या गोळा करून एखाद्या संस्थेस नेऊन दिल्या तर तें कार्य धरलें जात नाहीं. आणि सर्वांत कडक अट ही कीं, मुलगी शिक्षणासाठीं दुसऱ्या गांवीं निघून गेली तरी तिनें लावलेली सोय मागें चालूं राहिली पाहिजे.

ही शेवटची अट वाचून मी बराच वेळ विचार करीत बसलों. आपल्या घरांतून मुलींस काम करण्याची संवय नाहीं, असें कोण म्हणेल? रांगोळीपासून रुखवतापर्यंत, धाकट्या भावंडांच्या अभ्यासापासून आजोबांच्या काढ्यापर्यंत सर्व कामें त्या करीत आल्याच आहेत. परंतु आपण त्यांस काम देतों, कारभार देत नाहीं. काय करावयाचें तें आत्या ठरविणार, किती करावयाचें तें काकू सांगणार, पैसे काका देणार, चुकलें तर आई निस्तरणार, आणि साधलें तर ‘घरचें वळण चांगलें’ म्हणून श्रेय सगळ्या घराचें. यांत मुलीचे हात तयार होतात. परंतु चार पर्यायांतून एक निवडणें, त्यासाठीं माणसें जमविणें, त्यांस नकार देणें वा त्यांचा नकार पचविणें, पैशाचा हिशोब दाखविणें, आणि अपयश आलें तर ‘हें माझें’ म्हणून तें पुढें ठेवणें, हें शिक्षण तिला मिळत नाहीं. मुलग्यास तें दुकानांत, कचेरींत, मैदानावर, कोठें ना कोठें मिळून जातें. सुवर्णपदक मिळतें तें या दुसऱ्या प्रकारच्या शिक्षणाबद्दल. पत्रांतील नातीनें वेळापत्रकें रंगविलीं, हें तिचें काम. परंतु तीं रंगविलीं पाहिजेत हें तिला सुचलें, औषधविक्रेत्याकडे ती स्वतः गेली, आणि आपण गेल्यावर तीं कोण करील याची तजवीज तिला करावी लागणार आहे, हा तिचा कारभार.

दुसरी गोष्ट. शाळेंत मीं जवळजवळ चाळीस पारितोषिक-समारंभ पाहिले. एक मुलगी पहिली येई, ती व्यासपीठावर जाई, आणि वर्गांतल्या बाकीच्या टाळ्या वाजवीत. पहिल्या क्रमांकाचा गुणच असा कीं, तो एकीस मिळाला म्हणजे दुसऱ्या सर्वांचा जातो. स्काउटांच्या पदकांत पहिला-दुसरा क्रमांक नाहीं. जी अट पुरी करील, तिला तें मिळेल. शेजारणीला मिळालें म्हणून माझें कमी होत नाहीं. त्यामुळें येथें एक मुलगी दुसरीस मदत करूं शकते, आणि पुष्कळदां करते. स्पर्धा वाईट असें मी म्हणत नाहीं. परंतु वर्षभर गुणांच्या तराजूंत बसलेल्या मुलींस असें एखादें ठिकाण असावें, कीं जेथें त्यांची तुलना कालच्या स्वतःशींच होते.

आतां या विषयांतील एका वादाकडे वळतों, कारण तो अमेरिकेंतील आपल्या पुष्कळ कुटुंबांच्या दारांशीं येऊन ठेपला आहे. तेथील मुलग्यांच्या स्काउट संस्थेंत ‘ईगल स्काउट’ हें सर्वोच्च पद १९१२ सालापासून आहे. त्यासाठीं २१ बिल्ले आणि एक लोकोपयोगी कार्य लागतें. चंद्रावर पहिलें पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग ईगल स्काउट होते. राष्ट्राध्यक्ष जेरल्ड फोर्ड हेहि होते. त्यामुळें तेथें ‘ईगल’ म्हटलें कीं कोणासहि कळतें. ‘गोल्ड अवॉर्ड’ची योग्यता त्याहून कमी नाहीं, या दोन्ही पदकांच्या धारकांस अमेरिकेच्या सैन्यांत शिपाई म्हणून शिरतांना आरंभींच वरची श्रेणी मिळूं शकते. तथापि मुलीस आपलें पदक काय आहे तें बहुधा समजावून सांगावें लागतें, आणि ‘म्हणजे मुलींचें ईगलच ना?’ असें उत्तर ऐकावें लागतें. भावाच्या मानास स्वतःचें नांव, बहिणीच्या मानास भावाच्या नांवाची ओळख, हा अनुभव आपल्याहि घरांतून अगदींच अपरिचित नसावा.

ऑक्टोबर २०१७ मध्यें मुलग्यांच्या त्या संस्थेनें मुलींसहि दार उघडण्याचें जाहीर केलें. १ फेब्रुवारी २०१९ पासून ११ वर्षांवरील मुली तींत येऊं लागल्या. आणि फेब्रुवारी २०२१ मध्यें सुमारे हजार मुलींच्या पहिल्या तुकडीस ‘ईगल स्काउट’ हें पद मिळालें. ८ फेब्रुवारी २०२५ पासून त्या संस्थेनें आपल्या नांवांतील ‘बॉय’ हा शब्दहि काढून ‘स्काउटिंग अमेरिका’ असें नांव धारण केलें. मुलींच्या संस्थेस हें रुचलें नाहीं. नांवाच्या वापरावरून तिनें नोव्हेंबर २०१८ मध्यें न्यायालयांत दावा लावला. एप्रिल २०२२ मध्यें निकाल तिच्याविरुद्ध गेला.

दोन्ही पक्षांत तथ्य आहे. भावाच्या छावणीला वर्षानुवर्षें डबे पोंचविणाऱ्या, त्याच्याइतक्याच गांठी मारूं शकणाऱ्या बहिणीनें ‘मलाहि तेंच पद हवें’ म्हटलें, तर तिला नाहीं कोणत्या तोंडानें म्हणावें? उलट पक्षीं, जेथें सर्वच मुली आहेत तेथें तंबू उभारणें, विस्तव करणें, पुढारीपण करणें, हें सर्व मुलींसच करावें लागतें; ‘तूं राहूं दे, मी करतों’ म्हणणारा तेथें कोणी नसतो. मितभाषी मुलीस ही सवड फार मोलाची असते. माझ्या मतें दोन्ही वाटा असाव्या आणि निवड मुलीनें करावी. परंतु भावाच्या घराचें दार उघडलें म्हणून बहिणीनें स्वतः बांधलेल्या घराची किंमत कमी लेखूं नये. ‘गोल्ड अवॉर्ड’ कमी प्रसिद्ध राहिला, हें त्या पदकाचें वैगुण्य नव्हे. मुलींच्या कर्तृत्वाची चौकशी करण्याचें श्रम समाजानें घेतले नाहींत, हें त्याचें कारण आहे.

या पदकांच्या पाठीमागें लागण्यांत धोके नाहींत, असें मात्र नाहीं. महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जांत असा मान उपयोगी पडतो, हें अमेरिकेंतील आई-बापांस ठाऊक आहे. आणि जेथें उपयोग दिसला तेथें आई-बापांचा उत्साह मुलीच्या पुढें धांवूं लागतो. मग योजना वडील लिहितात, पत्रें आई पाठविते, आणि मुलगी छायाचित्रापुरती उभी राहते. हें तिकडचेंच आहे असें नाहीं. आमच्या शाळेंत एकदां एका विद्यार्थिनीनें आणलेली टिपणवही इतकी सुबक होती कीं, मीं तिला त्यांतील एका नकाशाविषयीं सहज विचारलें. ती म्हणाली, “तें बाबांना माहीत.” मुलगी प्रामाणिक होती, तिच्या बाबांबद्दल तसें म्हणतां येईना. अशा पदकानें मुलीचें नुकसानच होतें, कारण आपल्या हातून होणार नाहीं अशी घरच्यांची खात्री आहे, हाच धडा ती त्यांतून घेते. शिवाय ज्या घरीं मोटार आहे, ओळखी आहेत, सवड आहे, तेथील मुलीस ही वाट सोपी, आणि जिला शाळेनंतर धाकट्या भावंडांस सांभाळावें लागतें तिला अवघड, हा विषमतेचा दोषहि दृष्टीआड करतां येत नाहीं.

आजीबाईंस माझें उत्तर असें आहे. नातीस थांबवूं नका. अकरावीच्या अभ्यासाची काळजी रास्त आहे. तेव्हां तास मोजून घ्यावे, आणि कोणता वार अभ्यासाचा व कोणता कामाचा हें तिलाच लिहून काढावयास सांगावें. ८० तास वर्षभरांत वांटले तर आठवड्यास दोन तासहि होत नाहींत. त्याहून अधिक वेळ जात असेल, तर योजना आटोपशीर करणें हाहि तिच्या शिक्षणाचाच भाग आहे. सुनबाईंस एवढेंच लिहावें कीं, तिचें काम तिच्याकडून काढून घेऊं नका. आणि आपण स्वतः नातीला पत्र लिहून विचारावें, कीं औषधांचें असें एखादें वेळापत्रक मला मराठींत करून पाठवशील काय? कामाची खरी कसोटी त्यांतच लागेल.

आतां आपल्या देशाविषयीं. येथें गाईडांची पहिली तुकडी १९११ सालीं जबलपुरास निघाली. स्वातंत्र्यानंतर निरनिराळ्या स्काउट-संस्था एकत्र करण्यासाठीं जे झटले, त्यांत गोखल्यांनीं पुण्यास स्थापिलेल्या भारत सेवक समाजाचे पंडित हृदयनाथ कुंझरू हे प्रमुख होते. ७ नोव्हेंबर १९५० रोजीं ‘भारत स्काउट्स आणि गाईड्स’ ही संस्था निर्माण झाली, आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजीं गर्ल गाईडांची संघटनाहि तींत मिळाली. म्हणजे ज्या प्रश्नावरून अमेरिकेंत २०१८ सालीं न्यायालयाची पायरी चढावी लागली, त्याचा एक निकाल आपल्याकडे १९५१ सालींच लागला होता. मुलगे स्काउट, मुली गाईड, संस्था एक, आणि सर्वोच्च मानाचें नांवहि दोघांस एकच: राष्ट्रपति पुरस्कार. ‘मुलींचें अमुक’ अशी पुस्ती त्यास जोडावी लागत नाहीं.

आपल्याकडील पायऱ्यांचीं नांवें तर संस्कृतज्ञास आनंद देणारीं आहेत. लहान मुली त्या ‘बुलबुल’. त्यांस कोमल पंख, रजत पंख, सुवर्ण पंख आणि हीरक पंख असे एकामागून एक मिळतात. पुढें गाईड झाल्यावर प्रवेश. मग प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान. त्यानंतर राज्य पुरस्कार, आणि शेवटीं राष्ट्रपति पुरस्कार. सोपान म्हणजे जिना. जिन्याची एक पायरी गाळून वरच्या पायरीवर उभें राहतां येत नाहीं, आणि दुसऱ्याच्या पायांनीं जिना चढतां येत नाहीं. ज्यानें हें नांव योजिलें त्यास शिक्षणाचें मर्म कळलें होतें. हा शब्द महाराष्ट्रास परका नाहीं. चार भावंडांतील एकाचें तें नांव, आणि त्याच्या धाकट्या बहिणीस चांगदेवांसारख्या वयोवृद्ध योग्यानें गुरु मानलें, अशी आपली परंपरा सांगते. मुलीच्या वयाकडे न पाहतां तिच्या अधिकाराकडे पाहावें, हें आपणांस तिकडून शिकावयास नको. त्याच भावंडांच्या आळंदीकडे जाणाऱ्या पुण्याच्या रस्त्यावर १६ ऑक्टोबर १९६६ रोजीं जगांतील गाईड मुलींचें ‘संगम’ हें विश्वकेंद्र उघडलें. स्वित्झर्लंड, इंग्लंड आणि मेक्सिको यांच्या मागोमाग असें केंद्र भारतांत झालें आणि तेंहि पुण्यास, ही गोष्ट पुण्याच्याच कित्येक घरांस ठाऊक नसते.

मात्र आपला जिना बहुधा दोन ठिकाणीं मोडतो. एक, जेथें रात्रीच्या छावणीचा प्रश्न येतो. आणि दुसरें, जेथें दहावीचा प्रश्न येतो. छावणीविषयीं आई-बापांची काळजी मी समजूं शकतों. बाई सोबत कोण आहेत, मुक्काम कोठें आहे, दवाखाना किती अंतरावर आहे, हें सर्व अवश्य विचारावें. परंतु समाधानकारक उत्तर मिळाल्यावरहि ‘मुलीची जात’ एवढ्या कारणावरून नकार देऊं नये. एका छावणींत अवकाळी पाऊस आला, तेव्हां वर्गांत कधीं तोंड न उघडणाऱ्या एका नववींतल्या मुलीनें आपल्या तुकडींतील सात जणींस मोजून कोरड्या पडवींत नेलें, अंथरुणें उचललीं, आणि सकाळीं भिजलेल्या सामानाची यादी बाईंच्या हातीं दिली. तिला त्या वर्षीं कोणतेंहि पदक मिळालें नाहीं. परंतु घरीं गेल्यावर तिच्या आजोबांनीं ती यादी मागून घेतली, वाचली, आणि पुढच्या महिन्यापासून वाण्याचा हिशोब तिच्याकडे सोंपविला. त्या मुलीचा खरा सत्कार त्या आजोबांनीं केला, असें मी समजतों.

ज्या घरीं दहा माणसें आहेत त्या घरीं मुलीस कारभार देण्यास स्काउटांची वाट पाहण्याचें कारण नाहीं. एखादें श्राद्ध, एखादें हळदीकुंकू, आजीच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया, दिवाळीच्या फराळाची खरेदी, यांपैकीं एक गोष्ट सोळा वर्षांच्या मुलीकडे संपूर्ण द्यावी. पैसेहि तिच्या हातांत द्यावे, आणि विचारल्याखेरीज सल्ला देऊं नये. चूक झाली तर ती निस्तरण्याची संधीहि तिलाच द्यावी. आणि पथकांतून मुलगी पदक घेऊन घरीं आली म्हणजे ‘याचे गुण किती?’ असें विचारण्याऐवजीं तीन प्रश्न विचारावे: हें काम तुला कसें सुचलें? त्यांत अडलें कोठें? आणि आतां तें तुझ्यामागें कोण पाहतें? या तीन प्रश्नांचीं उत्तरें मुलीपाशीं असतील तर पदक पितळेचें असलें तरी चालेल. तीं ऐकण्यास मात्र घरांतील एखाद्या वडीलधाऱ्या माणसानें अर्धा तास काढून बसलें पाहिजे.